शिदोरीत काय बांधायचं?

शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. शंभरेक वर्षांनी त्याच गुळाच्या हिशेबावर माझी चूल पेटली. मार्केट यार्डातल्या आडत दुकानांना मी पट्टीचे प्रोग्राम लिहून द्यायचो. रवे किती, वजन किती, सौद्यात दर काय निघाला, आडत-हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात किती.

लिहायचो नोंदी सांभाळणाऱ्या डीबेस या प्रणालीच्या भाषेत. ‘पीआरजी’ फाइल म्हणजे साध्या अक्षरांतल्या आज्ञा. त्या चालवायला दुकानात डीबेस हवं. ते विकत घेणारा आडत्या मला काही भेटला नाही. 1985 साली निघालेल्या ‘क्लिपर’नं ही अडचण सोडवली: पीआरजीची थेट, डीबेसशिवाय चालणारी ईएक्सई. पण एकटी ईएक्सई उपाशीच. नोंदींच्या डीबीएफ, त्यांच्या एनटीएक्स सूची, सगळं 1.44 एमबीच्या फ्लॉपीत कोंबायचं. एकदा रिकाम्या डीबीएफ घरीच विसरलो आणि गडहिंग्लजहून हात हलवत एसटीनं परतलो.

पुढं फॉक्सप्रो आलं. 1992 साली फॉक्स कंपनी मायक्रोसॉफ्टनं घेतली आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोत सोबतच्या फाइल ईएक्सईच्या पोटातच घालायची सोय मिळाली. मी खुळ्यासारखा हमालीच्या दरांचा तक्ताही आत घातला. दर वाढले, तर तक्ता बदलेना! आत गेलेला तक्ता फक्त वाचता येतो. नवी ईएक्सई बांधून दुकानोदुकानी फिरलो.

आता पुतण्या पायथनमध्ये लिहितो आणि पायइन्स्टॉलरनं एकच ईएक्सई बांधतो. या साधनाचं मूळ गॉर्डन मॅकमिलनच्या ‘इन्स्टॉलर’मध्ये. ईएक्सई चालू झाली की सोबतचं सामान एका तात्पुरत्या फोल्डरात सुटतं. त्या फोल्डरच्या नावातला ‘एमईआय’ म्हणजे मॅकमिलन एंटरप्रायझेस. प्रोग्राम बंद केला की तो फोल्डर पुसला जातो.

हे ठाऊक नसलेल्या पुतण्यानं पायइन्स्टॉलरचा ‘ॲड-डेटा’ पर्याय लावून नोंदींची फाइलही आत बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: “काका, कालच्या पट्ट्या गेल्या!” सौदे तोंडावर, दारात ट्रॅक्टर उभे. मी म्हटलं, “वही काढ.”

तीस वर्षांत साधनं बदलली, चूक तीच राहिली. फॉन्ट, चित्रं, छापायचे नमुने, जे नुसतं वाचायचं ते खुशाल आत बांधा. दर आणि नोंदी, ज्यांत रोज लिहायचं, त्या बाहेरच्या फोल्डरात ठेवा. शिदोरीत भाकरी बांधतात, चूल नाही.