नळ, सून आणि क्लार्कसाहेब

आमच्या गावचं पाणी जड आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण नगरपालिकेचं खातं आमच्याच शाखेत आहे आणि त्यांचे हिशेबनीस माझ्याच काउंटरवर येतात. गाव मराठवाड्यातलं, एवढं पुरे. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणत. त्या शब्दाच्या धसक्याने मी वाणिज्य शाखेला गेलो आणि पुढे बँकेत चिकटलो.

पण घराघराचा एक इतिहास असतो, आणि आमच्या घरचा पाण्यावाचून लिहिता येत नाही. १९७२च्या दुष्काळात नदी आटली, आड आटले. मग काळ्या खडकात खोलवर भोकं पाडणारी यंत्रं आली. आमच्याकडे १९७६ साली बोअरचं पाणी टाकीत चढलं आणि दारात नळ आला. त्याच वर्षी, त्याच मे महिन्यात रत्नागिरीहून आमची आई आली, लग्न होऊन. नळाला हार घातला, नारळ फोडला. सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. इथवर दोघांचा मान सारखाच.

पुढे मात्र घरात तुरीची डाळ शिजेनाशी झाली. कपड्यांना राखाडी छटा आली. बंबाच्या आत पांढरं कीट धरू लागलं. साबणाची वडी चार दिवसांत गायब. आजीने सरळ हिशेब मांडला : ही यायच्या आधी डाळ शिजत होती, ही आली आणि शिजेना. नळावर कुणाचाच संशय गेला नाही. नळ पडला सरकारी आणि सून परकी!

'साबण खाते की काय ही?' असं आजी शेजारणींना विचारायची. आईला ऐकू जाईल अशा बेताने.

खरी गोष्ट अशी, की पावसाचं पाणी मातीत मुरताना कार्बन डायॉक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि वाटेतली चुनखड विरघळवत खाली जातं. खडकातला कॅल्शियम, मॅग्नेशियमही सोबत घेतं. मुदत ठेवीसारखंच आहे हे, जितकं जास्त दिवस खाली राहील तितकी भर जास्त. कोकणात याच्या उलट. तिथल्या जांभ्या दगडात चुना नावालाच. माहेरी एक हात फिरवला की फेस, ही आईची सवय. इथे ती घासत राहिली आणि फेसाऐवजी दह्यासारखा साका येत राहिला.

हे सगळं उलगडलेला गृहस्थ आई सासरी येण्याच्या सव्वाशे वर्षं आधीच होऊन गेला होता. त्याचं नाव थॉमस क्लार्क. (आम्ही क्लर्क, ते क्लार्क. एका कान्याचा फरक, पण पगारात केवढा!) हे गृहस्थ पुढे स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, पण सुरुवात त्यांनी ग्लासगोत एका कंपनीच्या हिशेबखात्यात केली होती. हे वाचलं त्या दिवशी मी ताठ मानेने जेवलो. १८४१ साली त्यांनी जड पाणी हलकं करण्याचं पेटंट घेतलं. युक्ती काय, तर पाण्यातला चुना काढायला पाण्यात आणखी चुना घालायचा! दोन्ही चुने एकमेकांना धरून तळाशी बसतात. आमच्या आजीने हे ऐकलं असतं तर क्लार्कसाहेबांनाही सून करून घेतलं नसतं.

पाणी किती जड हे मोजायची त्यांची रीतही साबणाचीच : फेस टिकेपर्यंत साबणाचं पाणी घालत जा आणि किती लागलं ते लिहा. म्हणजे आमची आई रोज सकाळी न्हाणीघरात जे करत होती तेच, फक्त वही नव्हती.

मागे मी आमचं पाणी तपासून घेतलं. लिटरला ५२० मिलिग्रॅम निघाले. भारतीय मानकाप्रमाणे २०० ठीक, आणि दुसरी सोयच नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यावं. म्हणजे आमचा नळ ग्रेस मार्कांवर पास. शेजारच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी हिशेब करून दिला, की एवढ्या जड पाण्याच्या पंधरा लिटरच्या बादलीत फेसाचा पहिला बुडबुडा येण्याआधीच पन्नासेक ग्रॅम साबण फुकट जातो. आधी थकबाकी वळती, मग नवं कर्ज. यात सुनेचा काय दोष?

आजीकडे पुरावा मात्र भक्कम होता. 'याच पाण्याने मी न्हाते. बघ माझे केस!' केस खरंच कमरेखाली. आईचे चिकट आणि राठ. पण आजी शिकेकाई-रिठा वापरायची आणि आई साबण. रिठ्याच्या फेसाला चुना अडवत नाही, हे आजीला ठाऊक नव्हतं आणि आईलाही नाही. आई गप्प बसायची.

कपड्यांच्या बाबतीत आईची सुटका पावडरीने केली. सर्फ १९५९मध्येच बाजारात आला होता, पण आम्हाला परवडला तो १९६९मध्ये अहमदाबादेत सुरू झालेला निरमा. या पावडरी जड पाण्यातही फेसतात. माझा शाळेचा शर्ट पहिल्यांदा पांढरा झाला तेव्हा आईने तो उगीचच ओटीवर, आजीला दिसेल असा वाळत घातला होता.

डाळीचा खटला मात्र पस्तीस वर्षं चालला. पाण्यातला कॅल्शियम डाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवतो, म्हणून ती मऊ होत नाही. आई रात्री डाळ भिजवायची, चोरून चिमूटभर सोडा घालायची. चव बिघडली की तेही तिच्याच नावावर.

२०११ साली मी हप्त्यावर आरओचं यंत्र घेतलं. त्यातला पडदा कॅलिफोर्नियातल्या लोएब आणि आपल्या सौरीराजन यांच्या १९६०च्या सुमाराच्या कामातून आलेला. १९६५ साली तिथल्याच कोलिंगा गावात त्याने पहिल्यांदा गावाला पाणी दिलं. त्या गावी त्याआधी पिण्याचं पाणी रेल्वेने येई आणि घरात त्याचा वेगळा, तिसरा नळ असे. (आमच्या लातूरला रेल्वेने पाणी आलं ते २०१६ साली.) यंत्र गाळतं त्याहून जास्त पाणी सोडून देतं. त्या पाण्याने आई फरशी पुसते आणि वाळल्यावर पांढरे डाग मोजते.

पहिल्याच दिवशी आईने त्या पाण्यात वरण लावलं. तेव्हा आजीला नव्वदी गाठायला थोडीच वर्षं होती. पहिला घास घेऊन ती थांबली.

'डाळ बदललीस वाटतं?'

'नाही. पाणी बदललं,' आई म्हणाली.

आजी थोडा वेळ वाटीत बघत राहिली. मग तिने वाटी पुढे केली, आणि आईने ती काठोकाठ भरली.