पातळ जॉबची पकड (सीएनसी कोरीवकाम)

संगणक-नियंत्रित (सीएनसी) राउटरवर लाकूड, प्लाय, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम यांचा पातळ तुकडा कोरताना तो सरकू नये, उचलला जाऊ नये व थरथरू नये यासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धती. यंत्रावर चढवलेल्या तुकड्याला कारखान्यात ‘जॉब’ म्हणतात. ही अडचण साधारणपणे ६ मिमी.पेक्षा कमी जाडीला ठळकपणे जाणवते. मात्र पदार्थ आणि आकारमान यांनुसार ही मर्यादा बरीच मागेपुढे होते.

कारण : जाड ठोकळा कडेने क्लॅम्प लावून आवळला की भागते. पातळ तुकड्याचे तसे नसते. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जाडी निम्मी झाली की तो एक-अष्टमांश उरतो. त्यामुळे कडा कितीही घट्ट धरल्या तरी मधला भाग कटरबरोबर वर येतो. व्हाइसमध्ये दाबल्यास जॉबला पोक येते. त्याच स्थितीत माथा सपाट कापला, तर जबडे सैल करताच तो मधोमध खोलगट होतो.

कोरीवकामात ही चूक लपत नाही. ६० अंशी व्ही-बिटने (टोकदार कटरने) अक्षरे कोरताना जॉब ०.२ मिमी. वर आला, तर रेघ सुमारे ०.२३ मिमी.ने रुंदावते, ९० अंशी बिट असल्यास ०.४ मिमी.ने. नामफलकावरील वेलांटी सुरुवातीला नाजूक आणि फलकाच्या मध्यावर जाडजूड दिसत असेल, तर प्रोग्रॅम तपासण्यापूर्वी जॉबखाली फट आहे का ते पाहावे. पातळ जॉब खालून, संपूर्ण पृष्ठभागावर धरला पाहिजे. पुढील बहुतेक पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

पूर्वपीठिका : हे तत्त्व यंत्राच्या कितीतरी आधीचे आहे. चांदी-तांब्याच्या पत्र्यावर उठावाची नक्षी करणारे कारागीर राळ, विटांची भुकटी व तेल यांचे मिश्रण तापवून त्यावर पत्रा बसवतात. निवालेली राळ पत्र्याला मागून सर्वत्र आधार देते आणि पुन्हा ऊब दिली की सोडते. घड्याळाचे बारीक भाग लाखेने चिकटवून कातण्याची पद्धतही याच जातीची.

निर्वात बेड : जॉबखालची हवा पंपाने ओढून घेतली की वरच्या हवेचा दाब त्याला बेडवर दाबून धरतो. समुद्रसपाटीला हा दाब दर चौ. सेंमी.ला सुमारे १.०३ किग्रॅ. असतो, पुण्यासारख्या सुमारे ५६० मी. उंचीवरील गावी तो सुमारे ०.९७ किग्रॅ. भरतो. पंपाने ८०% निर्वात साधल्यास पुण्यात १० × १० सेंमी. जॉबवर सुमारे ७७ किग्रॅ. भार येतो, तर २ × ५ सेंमी.च्या तुकड्यावर जेमतेम ८ किग्रॅ. शिवाय कटर आडवा ढकलतो आणि या ढकलण्याला अडवते ते केवळ घर्षण. घर्षणांक ०.३ धरला, तर त्या लहान तुकड्याच्या वाट्याला अडीच किग्रॅ.हूनही कमी विरोध उरतो. अखंड मोठी शीट निर्वात बेडवर उत्तम बसते आणि तिच्यातून सुटणारे छोटे तुकडे उडतात, याचे कारण हेच.

बेडवर एमडीएफचा स्पॉइलबोर्ड (कटर लागला तरी चालेल अशी जॉबखालची फळी) पसरतात. त्याच्या दोन्ही बाजूंचा घट्ट दाबलेला थर तासून काढावा लागतो, तरच हवा आरपार ओढली जाते. चारी कडा मात्र रंगाने किंवा गोंदाने बंद कराव्या लागतात. जॉबबाहेर उघडा राहिलेला भाग प्लॅस्टिकच्या कागदाने झाकतात. आरपार काप जसजसे वाढतात तसतशी हवा कापांतून शिरते व पकड ढिली पडते. म्हणून देव्हाऱ्याची किंवा पार्टिशनची जाळी कापताना आतली लहान भोके आधी, शीट अखंड असतानाच घ्यावीत आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी. कित्येक ठिकाणी हा क्रम सॉफ्टवेअरवर सोडला जातो. तो माणसाने स्वतः तपासावा.

गळती जास्त असेल तेथे भरपूर हवा ओढणारा ब्लोअर उपयोगी पडतो. रबरी सील लावलेल्या बंद कप्प्यांच्या बेडला खोल निर्वात करणारा रोटरी व्हेन पंप चांगला. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर काम चालवणारेही आहेत, परंतु त्याच्या मोटरला थंड ठेवणारी हवा जॉबने अडली की मोटर तापते.

टेप व गोंद : लहान कारखान्यांत आणि घरगुती यंत्रांवर हीच पद्धत सर्वाधिक सोयीची ठरते. बेडवर मास्किंग टेपच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवता शेजारी-शेजारी लावतात, तशाच जॉबच्या पाठीवर. दोन्हीकडची टेप कडक पट्टीने घासून बसवतात, एका बाजूच्या टेपवर सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाच्या (‘फेविक्विक’ जातीच्या) रेघा ओढतात आणि जॉब दाबून धरतात. गोंद टेपला टेप जोडतो. जॉबला तो लागतच नाही. काम झाल्यावर पातळ पाते सरकवून जॉब सोडवता येतो. टेप लावण्यापूर्वी भुसा आणि तेलाचा हात पुसून काढणे अत्यावश्यक आहे. पकड सुटण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

दुहेरी चिकट टेप वापरायची तर पातळ घ्यावी. फोमची टेप दबते, त्यामुळे खोली बिघडते व जॉब थरथरतो. धातू कापताना उष्णतेने टेपचा गोंद मऊ पडतो. उरलेला सायनोअ‍ॅक्रिलेट अ‍ॅसिटोनने निघतो, पण अ‍ॅक्रिलिकच्या जॉबला अ‍ॅसिटोन लावू नये. तो पृष्ठभागच विरघळवतो.

बिट व शेवटचा पास : अपकट बिट भुशाबरोबर जॉबलाही वर ओढते. डाउनकट बिट जॉब खाली दाबते, पण भुसा खाचेत ठासला जातो आणि बिट तापते. कॉम्प्रेशन बिटमध्ये दोन्ही दिशांच्या धारा असतात. पहिला पास (कटरची फेरी) खालच्या अपकट भागापेक्षा खोल घेतला तरच तिचा लाभ मिळतो. तुकडा सुटू नये म्हणून तळाशी ०.२ ते ०.५ मिमी.चा पापुद्रा ठेवून तो नंतर घासून काढतात, किंवा कडेने टॅब (तुकड्याला शीटशी जोडून ठेवणारे छोटे दुवे) ठेवतात. यांपैकी काय बरे, यावर कारागिरांत एकमत नाही. बारीक नक्षीच्या कामाला पापुद्रा अधिक सुरक्षित, कारण टॅब तोडताना कड ढलपते.

खिळे : जॉबच्या टाकाऊ भागात प्लॅस्टिकचे खिळे मारावेत, बिट चुकून आदळले तरी धार जात नाही.

लाकडाचे वाकणे : पावसाळ्यात पातळ फळी एका बाजूने ओल धरून वाकते. अशी फळी निर्वात बेडवर टेकत नाही.

दक्षता : स्पिंडल फिरत असताना उचललेला जॉब बोटाने दाबू नये; यंत्र थांबवावे.

चुंबकी बेड : फक्त लोखंड-पोलादासाठी, पातळ पत्र्याला एकमेकांजवळ ध्रुव असलेला बेड लागतो.

गोठवून धरणे : मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ व नाजूक रचनांसाठी पाण्याचा बर्फ करून जॉब बेडला चिकटवतात.