लाइन आणि ऑनलाइन

कॉमर्सची पदवी घेतलेल्या माणसाला लोक जन्मभर दोनच प्रश्न विचारतात. कुठला शेअर घेऊ आणि इन्कम टॅक्स कसा वाचवू? पहिल्याचं उत्तर मला येत असतं तर मी आज काउंटरच्या आत बसलो नसतो. दुसऱ्याचं म्हणाल, तर आमचा टॅक्स पगारातच कापून घेतात, त्यामुळे वाचवण्याइतका तो माझ्या हाती कधी लागलाच नाही. तिसरा प्रश्न विचारणारे पहिले गृहस्थ म्हणजे आमचे पेपरवाले काका.

काका मुदत ठेवीची पावती घेऊन काउंटरवर उभे राहिले.

"मोडायचीय, साहेब."

"का हो? घरी सगळं ठीक ना?"

घरी ठीक होतं. शेजारच्या भागातला एक पेपरवाला धंदा सोडून गावी चालला होता आणि त्याची लाइन विकायला निघाली होती. लाइन म्हणजे ठरलेली घरं. कुठल्या दारात कुठला पेपर पडायचा, कोण पैसे वेळेवर देतो, कोण 'रविवारी या' म्हणतो, ही सगळी माहिती आणि तो हक्क. आमच्या पुस्तकात याला गुडविल म्हणतात. ते ताळेबंदात दाखवतात तरी, काका ते सायकलवर घेऊन फिरतात.

"पण पोरं म्हणतात, पेपर आता मोबाइलवर गेला," काका म्हणाले. "तिकडं पैसा सुटतो का हो? सुटत असेल तर कागद बंदच करतील की. तुम्ही शिकलेले. मोडू का नको, तेवढं सांगा."

बँकेत अवघड प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर असतं. ते मी दिलं. "परवा या."

त्या दोन दिवसांत मी जेवढं वाचलं तेवढं बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षालाही वाचलं नव्हतं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापून. साडेआठ वर्षांनी, १८४० मध्ये, ते बंद पडलं. तेव्हा मोबाइल नव्हता, हे मी काकांसाठी मुद्दाम टिपून ठेवलं. वर्तमानपत्राला बंद पडायला मोबाइलच लागतो असं नाही.

'दर्पण' निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, ३ सप्टेंबर १८३३ ला, तिकडे न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या छापखानेवाल्यानं 'सन' नावाचा पेपर काढला. बाकीचे पेपर सहा सेंटला मिळायचे, यानं किंमत ठेवली एक सेंट. आमच्या ब्रँच मॅनेजरांकडे हा गृहस्थ कर्जाला आला असता तर त्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नसता. पण डेची खरी गंमत पुढे आहे. एका सेंटमुळे गिऱ्हाइकं वाढली आणि गिऱ्हाइकं वाढली म्हणून जाहिराती आल्या. म्हणजे आपण समजतो, पेपरवाला आपल्याला बातम्या विकतो. प्रत्यक्षात तो जाहिरातदाराला आपल्यालाच विकत असतो! गेली वीस वर्षं पेपर विकत घेऊन आपणच विकले जात होतो, हे मला त्या रात्री कळलं. सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला कोणी घेतलं म्हणताय?"

या डेनं पेपर रस्त्यावर विकायला पोरं ठेवली. शंभर प्रती रोखीनं घेतल्या तर ६७ सेंट, उधारीवर ७५. शंभर विकल्या की रोखीच्या पोराला ३३ सेंट सुटायचे. मी हा आकडा वाचला आणि थांबलो. साऱ्या इतिहासात काकांची नोंद मला पहिल्यांदा इथे सापडली.

पुढे १८३५ मध्ये याच 'सन'नं चंद्रावर वटवाघळासारख्या पंखांची माणसं दिसल्याची लेखमाला छापली आणि लोकांनी ती चवीनं वाचली. फॉरवर्ड करण्याचं बटण तेवढं नव्हतं.

हा धंदा दीडशे वर्षांहून जास्त चालला. मग १९९५ मध्ये क्रेग न्यूमार्क या सॅन फ्रान्सिस्कोच्या गृहस्थानं ओळखीच्या लोकांना ई-मेलनं गावातल्या कार्यक्रमांची यादी पाठवायला सुरुवात केली. त्यातून 'क्रेगलिस्ट' उभी राहिली आणि 'जागा भाड्याने देणे'पासून 'जुनं कपाट विकणे'पर्यंतच्या छोट्या जाहिराती बहुतेक फुकटात तिकडे गेल्या. या बारीक जाहिरातींवर पेपरांची चूल पेटत होती. मोठ्या जाहिराती गूगल आणि फेसबुककडे गेल्या. अमेरिकेतल्या पेपरांचं जाहिरातींचं उत्पन्न २००५ मध्ये ४९ अब्ज डॉलरच्या आसपास होतं, ते २०२० मध्ये दहा अब्जांच्या आत आलं. एवढी घसरण मी फक्त महिन्याच्या पंधरा तारखेनंतर माझ्या बचत खात्यात पाहिली आहे.

मग ऑनलाइनवर पैसा सुटतो का? सुटतो, पण थोड्यांना. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं २०११ मध्ये फुकट वाचनाला कुंपण घातलं. २०२० च्या मधल्या तिमाहीत त्यांचं ऑनलाइन उत्पन्न पहिल्यांदा छापील उत्पन्नाच्या वर गेलं आणि २०२३ मध्ये वर्गणीदार एक कोटीच्या पुढे गेले. त्यातले बरेच जण शब्दकोडी आणि पाककृतींसाठी पैसे भरतात, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडेही रविवारच्या पुरवणीतलं आधी काय वाचलं जातं, ते घरोघरी माहीत आहे. उलट डेन्व्हरचा 'रॉकी माउंटन न्यूज' दीडशे वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस उरले असताना २००९ च्या फेब्रुवारीत मिटला. लंडनचा 'इंडिपेंडंट' २०१६ मध्ये कागद सोडून नुसता ऑनलाइन राहिला.

मी दोन रकाने आखले. एक कागदाचा, एक ऑनलाइनचा. कागदाच्या रकान्यात मालक, जाहिरातदार, छापखाना, वाचक आणि शेवटी ते ३३ सेंट. ऑनलाइनच्या रकान्यात मालक होता, वाचक होता, जाहिरातदारही होता. ३३ सेंट कुठेच नव्हते. ताळेबंद जुळत होता, पण एक माणूस कमी भरत होता.

परवा म्हटल्याप्रमाणे काका आले. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पेपर जगेल," ते म्हणाले, "लाइनचं काही खरं नाही."

"एकदम संपणार नाही हो," मी म्हणालो. "आपल्याकडे अजून सकाळी कागद लागतो. पण पावती मोडू नका. जुन्या लाइनवर खर्च निघतोय ना? तेवढी सांभाळा."

"२०२० च्या टाळेबंदीत काही दिवस पेपर आलेच नव्हते," काका म्हणाले. "पुन्हा चालू झाले तेव्हा माझी चाळीस घरं परत आली नाहीत. विचारलं तर म्हणाले, सवय मोडली. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं." मग पावती घडी करून त्यांनी खिशात ठेवली. "तुमचा चालू आहे ना पेपर?"

"आहे म्हणजे काय! मला कागदावरच वाचायला लागतो. तुम्ही कुठला वाचता?"

काकांनी खिशातून मोबाइल काढला.

"वाटायच्या घाईत उघडायला वेळ कुठला, साहेब? सगळं उरकलं की यावरच बघतो. फुकट येतं."