अतिनील किरणांपासून त्वचेचे संरक्षण आणि वनस्पतिजन्य द्रव्ये : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वनस्पतींचे अर्क त्वचेचे उन्हापासून रक्षण करतात, हे ज्ञान प्राचीन आहे आणि आधुनिक विज्ञानाने ते केवळ उसने घेतले, असे विधान सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत वारंवार आढळते. या विधानाची ऐतिहासिक साधनांच्या आधारे तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उष्णतेकडून किरणांकडे :
दीर्घकाळ त्वचा होरपळण्याचे कारण उष्णता हेच मानले जात होते. १८०१ मध्ये योहान रिटर यांनी सिल्व्हर क्लोराइडच्या साहाय्याने जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरणांचा शोध लावला. १८२० मध्ये एव्हरार्ड होम यांनी काळ्या कापडाखालील हात अधिक तापूनही भाजत नाही, हे दाखविले. तथापि, अतिनील किरण आणि त्वचादाह यांचा संबंध प्रयोगाने प्रस्थापित केला तो स्वीडनमधील वैद्य विडमार्क यांनी, १८८९ मध्ये.

क्विनीन व एस्क्युलिन :
या इतिहासातील महत्त्वाचा दुवा भौतिकशास्त्रात सापडतो. सिंकोनाच्या सालीतील क्विनीन १८२० मध्ये पेलेतिये व कावांतू यांनी वेगळे केले होते. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीनचे द्रावण व हॉर्स चेस्टनटच्या सालीचा अर्क यांवर प्रयोग केले. ही द्रव्ये अदृश्य किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, असे त्यांना आढळले. ही घटना पुढे प्रतिदीप्ती म्हणून ओळखली गेली. जे द्रव्य किरण शोषते ते त्वचेवर लावल्यास किरण अडवील, हा विचार यातूनच शक्य झाला. १८९१ मध्ये जर्मनीतील फ्रीड्रिख हॅमर यांनी क्विनीनचा लेप सुचविला, तर १९११ मध्ये हँबर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी हॉर्स चेस्टनटमधील एस्क्युलिनवर आधारित मलम प्रचारात आणले. म्हणजे सिंकोनाचा ज्वरनाशक गुण या उपयोगास कारणीभूत नव्हता. त्या द्रव्याचे प्रकाशाशी असलेले नाते कारणीभूत होते.

१९२२ मध्ये हाउसर व व्हाले यांनी दाहकारक तरंगलांबी निश्चित केली. १९२८ मध्ये अमेरिकेत सॅलिसिलेट व सिनॅमेट यांचे मिश्रण बाजारात आले आणि कारखान्यात तयार होणाऱ्या द्रव्यांचे युग सुरू झाले. सिनॅमेटचे नाव मात्र दालचिनीशी असलेले मूळ नाते आजही सांगते.

बावचीचे उदाहरण :
भारतीय परंपरेतील बावची याच्या नेमकी उलट बाजू दाखविते. श्वित्रावर बावचीचे बी वापरून रुग्णास उन्हात बसविण्याची पद्धत आयुर्वेदात आहे. १९३३ मध्ये जोइस, मंजुनाथ व वेंकट राव यांनी त्यातून सोरॅलिन वेगळे केले. हे द्रव्य त्वचेला अतिनील किरणांबाबत अधिक संवेदनशील करते. रंगद्रव्य परत आणण्यास ते उपयोगी ठरते. मात्रा चुकल्यास त्वचेवर फोडही येतात. वनस्पती आणि सूर्यप्रकाश यांचा संबंध आपल्या वैद्यांनी सूक्ष्मपणे ओळखला होता, परंतु येथे हेतू संरक्षणाचा नव्हता.

निष्कर्ष :
वनस्पतिजन्य द्रव्यांचे स्थान या इतिहासात आरंभापासून आहे. परंतु ते निरीक्षण, मापन व प्रयोग यांतून सिद्ध झाले आहे. एकच सूर्य आणि दोन वनस्पती, एक त्वचेला राखणारी व दुसरी तिला संवेदनशील करणारी, ही वस्तुस्थिती लक्षात घेतल्यास ‘वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक’ हे समीकरण टिकत नाही. परंपरेचा खरा गौरव तिच्यावर नसलेले दावे लादण्यात नाही, तर तिने प्रत्यक्षात काय जाणले होते हे नेमकेपणाने नोंदविण्यात आहे.