पाइप आणि प्लेलिस्ट

बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी मागणी लावून धरली आणि १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला: एका प्रोग्रॅमचे आउटपुट थेट दुसऱ्याचे इनपुट. तेव्हा एमपीथ्री नव्हते. १९९७ मध्ये विनॅम्प आले आणि एम३यू प्लेलिस्ट सर्वांच्या ओळखीची झाली. ही फाइल उघडून पाहा: साधा मजकूर, एका ओळीत एका गाण्याचा पाथ. म्हणूनच ‘फाइंड’ने फोल्डरमधील गाणी शोधली, पाइपमधून ‘सॉर्ट’कडे दिली आणि आउटपुट फाइलमध्ये वळवले की प्लेलिस्ट तयार. साधे ‘सॉर्ट’ मात्र आकड्यांनाही अक्षरे समजते, त्यामुळे दहावे गाणे दुसऱ्याच्या आधी वाजते (व्याख्यानमाला ऐकताना हे फार जाचते). फाइलनावात ०२ लिहावे. देवनागरी नावांसाठी यूटीएफ-८ मधील एम३यू८ सोयीची. ॲपलने २००९ मध्ये व्हिडिओ स्ट्रीमिंगसाठी तीच उचलली.