कच्छच्या पक्ष्यांचे दप्तर

सिंधच्या दक्षिणेस आणि काठेवाडच्या उत्तरेस, एका अंगाने खारट रणाने व दुसऱ्या अंगाने समुद्राने वेढलेला कच्छचा मुलूख नकाशावर लहान दिसत असला, तरी मध्य आशिया, सैबेरिया आणि इराणकडून हिवाळ्यासाठी हिंदुस्थानात उतरणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेवरचा तो पहिल्या टप्प्यांपैकी एक आहे. श्रावणातच भोरड्यांच्या टोळ्या तेथे दाखल होतात. आश्विन सरता सरता करकोच्यांचे, म्हणजे कच्छी लोकांच्या कुंजांचे, थवे आकाशात ऐकू येऊ लागतात. आणि पौष उजाडेपर्यंत रणाच्या कडा, आखाताच्या काठचा चिखल आणि मांडवी-अबडासाकडील भुईमुगाची व ज्वारीची शेते ही तिन्ही पक्ष्यांनी भरून जातात. या पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी सुरू झाल्याला आज दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. प्रदेश दुर्लभ पक्ष्यांचा आहे म्हणून त्या पाहणीचे मोल आहेच; परंतु माझ्या मते तिचे खरे मोल तिच्या सातत्यात आहे. कच्छचा पाऊस अत्यंत लहरी, एका वर्षी तलाव फुटेपर्यंत कोसळणारा आणि पुढची दोन वर्षे पाठ फिरवणारा; त्यामुळे कोणत्याही एका हिवाळ्याची नोंद तेथे जवळजवळ काहीच सिद्ध करीत नाही, आणि अनेक हिवाळ्यांच्या नोंदी एकत्र बांधल्या म्हणजेच त्यांतून काही बोध होऊ लागतो.

आरंभ एका भूगर्भशास्त्रज्ञाने केला. मोराव्हिया प्रांतात जन्मलेले फर्डिनांड स्टोलिच्का हे हिंदुस्थान सरकारच्या भूगर्भ पाहणी खात्यात नोकरीस होते आणि 1871-72च्या हंगामात कच्छच्या खडकांचा अभ्यास करण्यासाठी आले होते. पण वाटेत दिसेल तो प्राणी आणि पक्षी टिपून ठेवण्याचा त्यांचा शिरस्ता असल्याने 1872 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात कच्छच्या सस्तन प्राण्यांची व पक्ष्यांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली. पुढे दोनच वर्षांनी यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखच्या उंच खिंडींत त्यांना मृत्यू आला, आणि कच्छचे हे काम त्यांच्या अल्प आयुष्यातील एक लहानसे प्रकरण होऊन राहिले. त्याच सुमारास ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे सिंधच्या पक्ष्यांविषयी सविस्तर लिहीत होते, आणि 1885 साली लेफ्टनंट बार्न्स यांनी मुंबई इलाख्याच्या पक्ष्यांची पुस्तिका काढली. ही सर्व मंडळी सरकारी चाकरी सांभाळून, फावल्या वेळात हे काम करीत.

त्या काळची पाहणी म्हणजे बंदूक आणि कातडी. पक्षी टिपला की त्याच संध्याकाळी तंबूत दिव्याच्या उजेडात त्याची चामडी सोडवायची, आतून विष लावून कापूस भरायचा, आणि पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, नर की मादी, हे लिहून त्याबरोबर डोळ्याच्या बुबुळाचा व पायांचा रंगही नोंदवायचा, कारण हे रंग मरणानंतर थोड्याच वेळात उतरून जातात. आज ही पद्धत आपल्याला निर्घृण वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे. तथापि एकाच पेटीत शेजारी शेजारी ठेवलेल्या त्या कातड्यांवाचून हिवाळ्यात येणाऱ्या, एकमेकांशी हुबेहूब मिळणाऱ्या चंडोलांचे आणि वटवट्यांचे प्रकार कोणालाही निश्चितपणे वेगळे करता आले नसते.

कच्छ दरबारचा या कामाशी संबंध महाराव खेंगारजी तिसरे यांच्या कारकिर्दीत जडला. मोठ्या रणाच्या ओसाड मध्यभागी रोहित पक्षी घरटी करतात ही गोष्ट 1893च्या सुमारास त्यांच्यामुळेच विद्वानांच्या कानावर गेली, आणि कॅप्टन लेस्टर यांचे ‘कच्छचे पक्षी’ हे पुस्तक 1904 साली निघाले. ही दोन्ही कामे मूलतः शिकारीच्या आवडीतून निघालेली होती. पुढे महाराव विजयराजजी यांनी मात्र शिकारीच्या पलीकडे पाहिले. त्यांच्या निमंत्रणावरून सालिम अली यांनी 1943-44 मध्ये सबंध संस्थानाची रीतसर पाहणी केली, आणि 1945 साली त्यांचा ‘द बर्ड्स ऑफ कच्छ’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सालिम अली हे मुंबईचे, गिरगावाजवळच्या खेतवाडीत जन्मलेले. 1883 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत घडलेले. आणि तोवर निजामाच्या हैदराबाद संस्थानाची, त्रावणकोर-कोचीनची पाहणी पुरी करून आलेले. हातात नोकरी नाही, पण संस्थानिकांनी प्रवासखर्च व मुक्कामाचा बंदोबस्त करावा आणि आपण मोबदला न घेता पक्ष्यांची पाहणी करून द्यावी, हा त्यांचा तोडगा देशाला फार फलदायी झाला. त्यांच्या ग्रंथाचा विशेष असा की पक्षी कोठे सापडला एवढे सांगून ते थांबत नाहीत; तो कोणत्या झुडपात वावरतो, काय खातो, केव्हा येतो व केव्हा जातो, हे त्यांनी स्वतः पाहून लिहिले. 1945च्या एप्रिलमध्ये ते रणातील रोहितांच्या वसाहतीवरही जाऊन आले, आणि तेथील पक्ष्यांची संख्या त्यांनी सुमारे पाच लाख अंदाजली. चिखलाच्या एक लाखाहून अधिक उंचवट्यांची ती घरटी मोजण्याचा प्रयत्न करणे हेच मुळी धाडसाचे काम होते.

स्वातंत्र्यानंतर पाहणीला निराळे वळण लागले, आणि ते एका रोगामुळे लागले हे पुष्कळांना ठाऊक नसते. 1957 साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, लागोपाठ माणसेही तापाने आजारी पडली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधलेला तो विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी जवळचे नाते सांगणारा निघाला. उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून तो येथे आला असावा काय, असा संशय स्वाभाविकपणे निर्माण झाला. जागतिक आरोग्य संघटनेने मदत देऊ केली. आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1960 पासून कच्छात तळ ठोकून पक्ष्यांच्या पायांत वाळे घालण्यास सुरुवात केली. तो संशय पुढे सिद्ध झाला नाही. परंतु बारीक जाळ्यात सापडलेला पक्षी अलगद सोडवून, पंख पट्टीवर मोजून, वजन करून, पकडीने पायात हलका ॲल्युमिनियमचा क्रमांकित वाळा बसवून त्याला जिवंत उडू देण्याची ही रीत बंदुकीच्या रीतीहून कितीतरी अधिक बोलकी ठरली. वाळ्यावर मुंबईच्या संस्थेला कळवण्याची विनंती कोरलेली असे, आणि थोड्याच वर्षांत सोव्हिएत संघाच्या दूरदूरच्या प्रदेशांतून संस्थेकडे उत्तरे येऊ लागली. हे तळ सुरू झाले तेव्हा कच्छ आणि आपण एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होतो, किंवा नुकतेच विभक्त झालो होतो, ही आठवणही येथे नमूद करावीशी वाटते.

संख्या मोजण्याची खरी कसोटी मात्र रण, आखाताचा काठ आणि शेते या तिन्ही प्रदेशांत निरनिराळी असते. रणात मृगजळ आड येते. सकाळचे नऊ-दहा वाजले की क्षितिजावरची रोहितांची रांग थरथरू लागते, एकाचे दोन दिसतात, आणि तिलोरासारखा वाळूच्या रंगाचा, झुडपाआड दबून बसणारा पक्षी तर पन्नास पावलांवरूनही हुलकावणी देतो. म्हणून ठरलेल्या वाटेने, दरवर्षी त्याच वेळी जाऊन मोजणे एवढाच उपाय उरतो. आखाताच्या काठी भरती-ओहोटी मोजणाऱ्यावर हुकमत गाजवते. ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो आणि तुतवार, कुरव, खेकड्यांवर जगणारे काळे-पांढरे क्रॅब प्लोव्हर त्यावर विखुरतात. त्या वेळी मोजलेली संख्या निरुपयोगी असते. भरती चढून पक्षी उरल्यासुरल्या कोरड्या जागेवर दाटीने उभे राहिले म्हणजेच मोजणी साधते.

करकोच्यांच्या बाबतीत शेत आणि पाणी यांचे नाते ध्यानात घ्यावे लागते. दिवसभर ते शेतांत भुईमूग व धान्य टिपतात आणि सायंकाळी छारी ढंड या पाणथळ जागेच्या उथळ पाण्यात उभे राहून रात्र काढतात. शेताशेतांतून फिरून मोजू लागल्यास एकच थवा तीनदा मोजला जाण्याचा धोका; म्हणून सूर्यास्तापूर्वीच ढंडच्या काठी ठाण मांडून, पश्चिमेच्या उजेडावर येणारी एकेक ओळ मोजायची असते. जाणता मनुष्य प्रथम दहा पक्षी नीट मोजतो, दहांची जागा नजरेत बसवून तीच शंभरांपर्यंत वाढवतो, आणि मग ती शंभरांची चौकट थव्यावर पुढे पुढे सरकवत जातो.

आज छारी ढंड संरक्षित आहे. 2008 साली गुजरात सरकारने तसे जाहीर केले. त्याला लागून असलेल्या बन्नीच्या विस्तीर्ण गवताळ मैदानाची कथा तितकी समाधानकारक नाही. रणाचे खार पुढे सरकू नये या हेतूने 1960 नंतर वनखात्याने तेथे वेडी बाभूळ लावली, नद्यांच्या वरच्या अंगाला बांध पडले, आणि मालधाऱ्यांच्या, म्हणजे तेथील पशुपालकांच्या, म्हशी ज्या गवतावर पोसल्या, भोवत्ये ज्या गवतात रात्री उतरत, ते गवत काट्यांखाली गेले. हेतू चांगला होता, परिणाम वाईट झाला. असा बदल एका वर्षात दिसत नाही, आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्यावाचून तो सिद्धही करता येत नाही. म्हणूनच कच्छच्या राजघराण्यातील हिंमतसिंहजी यांनी दशकानुदशके, संस्थान गेल्यानंतरही, ठेवलेल्या टिपणांना मी राजकीय दप्तराइतकेच महत्त्व देतो. शेजारच्या सौराष्ट्रात धर्मकुमारसिंहजी यांचे 1955चे पुस्तकही त्याच तोलाचे आहे.

1987 पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची एकाच सुमारास गणना होते, आणि तीत पगारी अधिकाऱ्यांपेक्षा हौशी माणसांचाच भरणा अधिक असतो. जायकवाडी, उजनी, नांदूर मध्यमेश्वर, ठाण्याची खाडी, ही आपल्याकडील ठिकाणेही त्या गणनेच्या कक्षेत येतात. वाचकांपैकी ज्यांना थोडी सवड आणि एक साधी दुर्बीण असेल त्यांनी आपल्या गावाजवळचा एकच तलाव धरावा, दर जानेवारीत तेथे जावे, तारीख, वेळ व संख्या लिहावी. आणि ज्या वर्षी तलाव कोरडा पडून एकही पक्षी आला नाही त्या वर्षीही वही कोरी न ठेवता शून्य लिहावे.