मागे न फिरणारा माणूस

सणाच्या तोंडावर घरातले किडूकमिडूक गहाण टाकण्याची पाळी ज्याच्यावर आली असेल, त्यालाच त्या दिवसाचे दुःख कळेल. बाजारपेठ दिव्यांनी झगमगत असावी, मुलांनी नव्या कपड्यांचा हट्ट धरावा आणि घरच्या कर्त्या पुरुषाने मान खाली घालून सावकाराच्या पेढीची पायरी चढावी, हा प्रसंग आपल्याकडे नवा नाही. सातासमुद्रापलीकडेही तो घडतो. २३ डिसेंबर १८५७ रोजी, नाताळ दोन दिवसांवर आला असताना, अमेरिकेतील सेंट लुई शहरात पस्तीस वर्षांच्या एका शेतकऱ्याने आपले सोन्याचे घड्याळ साखळीसकट गहाण ठेवले. त्यावर त्याला बावीस डॉलर मिळाले. घरी पत्नी होती, तीन मुले होती आणि चौथे येऊ घातले होते.

त्या शेतकऱ्याचे नाव युलिसिस ग्रँट. त्या दिवसानंतर साडेसहा वर्षांच्या आत तो आपल्या देशाच्या समस्त सैन्याचा सरसेनापती झाला आणि बारा वर्षांच्या आत राष्ट्राध्यक्ष! नशिबाचा खेळ म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. पण ग्रँटचे पूर्वायुष्य जरा जवळून न्याहाळले, की ध्यानात येते : रणांगणावर ज्या गुणांनी त्याला हात दिला, ते त्याला कोणत्याही विजयाने शिकवले नव्हते. ते त्याच्या साध्या, फसलेल्या, चारचौघांनी हिणवलेल्या आयुष्यातूनच आले होते.

*

२७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो नदीकाठच्या पॉइंट प्लेझंट नावाच्या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. बाप जेसी ग्रँट कातडी कमावण्याचा धंदा करी. माणूस बोलका, धडाडीचा आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक. आई हॅना मितभाषी. मुलगा आईच्या वळणावर गेला. बापाच्या कारखान्यातील ओली कातडी, त्यांची दुर्गंधी आणि रक्ताचे डाग त्याला असह्य होत. पुढे जन्मभर त्याने मांस खाल्ले ते करपेपर्यंत भाजून. रक्ताचा अंशही त्याला ताटात चालत नसे. लाखो सैनिकांना लढाईत लोटणाऱ्या सेनापतीची ही गोष्ट आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मुलाचा जीव होता घोड्यांवर. सातआठ वर्षांचा असताना त्याच्या मनात शेजारच्या एका गृहस्थाचे शिंगरू भरले. बाप वीस डॉलर द्यायला तयार, मालक पंचवीस मागत होता. अखेर बापाने पोराला सांगितले, की आधी वीस म्हण. नाही म्हणाला तर साडेबावीस. तरीही अडून बसला तर पंचवीस दे. पोरगा घोड्यावरून मालकाकडे गेला आणि बापाने शिकवलेला सगळा पाढा त्याने एका दमात, जसाच्या तसा, मालकापुढे म्हणून टाकला! शिंगरू कितीला पडले, हे सांगायला नको. गावातली पोरे ह्या गोष्टीवरून त्याला कित्येक वर्षे चिडवत राहिली. समोरचा माणूसही आपल्यासारखाच सरळ असणार, ही त्याची समजूत पुढेही सुटली नाही आणि तिची किंमत त्याने पंचवीस डॉलरांहून फार मोठी मोजली.

सतराव्या वर्षी बापाने परस्पर खटपट करून त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात जागा मिळवून दिली. मुलाला सैनिक व्हायचे नव्हते. त्याचे खरे नाव हायरम युलिसिस. पण शिफारस करणाऱ्या लोकप्रतिनिधीने चुकून ‘युलिसिस एस.’ लिहिले आणि सरकारी कागदावरची चूक ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही, ह्या न्यायाने तेच नाव कायम झाले. त्या वर्षी विद्यालयच बंद करावे असा वाद काँग्रेसमध्ये चालला होता. हा विद्यार्थी वर्तमानपत्रातून तो वाद मोठ्या आशेने वाचत असे! १८४३ साली तो एकोणचाळीस जणांत एकविसावा आला. घोडेस्वारीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तरी नेमणूक मिळाली पायदळात.

नवा गणवेश अंगावर चढवून तो मोठ्या ऐटीत घरी निघाला. सिनसिनाटीच्या रस्त्यात एका अनवाणी, फाटक्या पोराने त्याची टर उडवली. गावी आला, तर समोरच्या पागेतील मोतद्दार निळ्या विजारीवर पांढऱ्या कापडाची पट्टी शिवून त्याच्या चालीची नक्कल करत हिंडत होता. सारा गाव हसला. त्या दिवसापासून लष्करी थाटमाटावरून ग्रँटचे मन उडाले.

*

पलटणीचा मुक्काम सेंट लुईजवळ पडला. तिथे वर्गमित्राच्या घरी जाणे-येणे सुरू झाले आणि मित्राच्या बहिणीवर, ज्युलिया डेंटवर, त्याचे मन जडले. १८४४ च्या मे महिन्यात तिला भेटायला निघाला असता वाटेत ग्रॅव्हॉइस नावाचा ओढा लागला. एरवी त्यात पाऊलही भिजत नसे. त्या दिवशी दोन्ही काठ भरून वाहत होता. ग्रँटला लहानपणापासून एक वेडी समजूत होती : ज्या वाटेने निघालो, तीवरून मागे फिरायचे नाही. वाट चुकली तरी पुढे जाऊन दुसरी शोधायची. त्याने घोडा पाण्यात घातला. ओलाचिंब होऊन पैलतीर गाठला, भावी मेहुण्याचे कोरडे कपडे अंगात अडकवले आणि लग्नाची मागणी घातली.

लग्नाला मात्र चार वर्षे थांबावे लागले. मध्ये मेक्सिकोचे युद्ध आले. ग्रँटकडे पलटणीची रसद आणि खेचरे सांभाळण्याचे काम होते. हे काम वीरांचे मानले जात नाही. पण सैन्य पोटावर चालते आणि ते पोट कसे भरावे, हे तो इथे शिकला. काम रसदीचे म्हणून तो मागे मात्र राहिला नाही. १८४६ साली माँटेरेच्या लढाईत दारूगोळा संपत आला, तेव्हा घोड्याच्या एका कुशीला लोंबकळत, गोळ्यांच्या माऱ्यातून गल्लीबोळ ओलांडत तो निरोप घेऊन गेला. हे युद्ध बलिष्ठ राष्ट्राने दुबळ्यावर लादलेला अन्याय होता, असे त्याने पुढे स्वच्छ लिहून ठेवले.

१८४८ साली विवाह झाला. ज्युलियाच्या माहेरी गुलाम होते, म्हणून जेसी ग्रँट मुलाच्या लग्नालाही आला नाही. चार वर्षांनी पलटण प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर निघाली. ज्युलिया गरोदर होती, ती मागे राहिली. पनामाच्या वाटेवर पटकीने कित्येक सैनिक आणि त्यांची बायकामुले दगावली. त्यांची व्यवस्था ग्रँटच्याच गळ्यात होती. किनाऱ्यावर पगार पुरेना, म्हणून त्याने बटाटे लावले, तर नदीच्या पुराने पीक बुडाले. बर्फाचा व्यापार केला, तोही अंगलट आला. घरून पत्रे येत ती महिनोन्‌महिने उशिरा. धाकट्या मुलाचे तर तोंडही त्याने पाहिले नव्हते. एकटेपणात तो दारूकडे वळला असे बोलले जाई. एप्रिल १८५४ मध्ये त्याने राजीनामा दिला. परतताना न्यूयॉर्कला हॉटेलचे बिल भागवायला खिशात पैसे नव्हते. सायमन बक्नर ह्या जुन्या मित्राने हमी घेतली, तेव्हा सुटका झाली.

मग सुरू झाली सात वर्षांची साडेसाती. सासऱ्याने दिलेल्या जमिनीवर स्वतः ओंडके तोडून त्याने घर बांधले आणि त्याला ‘हार्डस्क्रॅबल’, म्हणजे ‘हलाखीची वाडी’, असे स्वतःच नाव दिले. जळाऊ लाकूड गाडीत भरून तो सेंट लुईच्या रस्त्यांवर विकी. १८५७ च्या मंदीत धान्याचे भाव कोसळले. घड्याळ गहाण पडले ते ह्याच वर्षी. ह्या काळातील एक गोष्ट मात्र सोन्याच्या घड्याळाहून मोलाची आहे. त्याच्या मालकीचा विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता. बाजारात उभा केला असता, तर कित्येक महिन्यांची विवंचना मिटती. मार्च १८५९ मध्ये, घरात चणचण असताना, ग्रँटने त्याला लेखी मुक्तता देऊन टाकली.

शेती बुडाली, नोकऱ्या हुकल्या. १८६० साली तो गलीना गावी बापाच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली कारकून म्हणून उभा राहिला. ज्या वासापासून बालपणी पळाला, तोच अडतिसाव्या वर्षी पुन्हा नाकाशी आला.

*

एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध पेटले. लिंकनने पंचाहत्तर हजार स्वयंसेवक मागितले. ग्रँटने युद्धखात्याला पत्र लिहून एक पलटण मागितली. त्या पत्राला कधीच उत्तर आले नाही. अखेर जूनमध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरने त्याच्या हाती एकविसावी पलटण दिली, ती कोणालाच आवरत नव्हती म्हणून.

पहिली कामगिरी मिसूरीतील एका बंडखोर कर्नलवर चालून जाण्याची होती. टेकडी चढताना ग्रँटची छाती धडधडू लागली. काळीज गळ्याशी आले. मागे फिरावे असे फार वाटले. पण थांबा म्हणायचे धैर्य आपल्याला नव्हते, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. माथ्यावर पोहोचून पाहतो, तो शत्रूचा तळ रिकामा! तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला : मी त्याला जितका भीत होतो, तितकाच तो मला भीत होता. हा धडा तो उभ्या युद्धात विसरला नाही.

फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याने डोनेल्सनचा किल्ला कोंडला. आतल्या सेनापतीने अटी विचारल्या. ‘तत्काळ, बिनशर्त शरणागती’ हे उत्तर गेले आणि उत्तरेचा तो पहिला मोठा विजय ठरला. शरण आलेला सेनापती होता हॉटेलच्या बिलाची हमी घेणारा तोच सायमन बक्नर. औपचारिक विधी आटोपल्यावर ग्रँटने त्याला बाजूला घेऊन आपली पैशांची थैली पुढे केली.

एप्रिलमध्ये शायलो इथे मात्र शत्रूने त्याला बेसावध गाठले. पहिल्या दिवसाअखेर त्याचे सैन्य नदीच्या काठापर्यंत रेटले गेले. रात्री मुसळधार पाऊस. आसऱ्याला ओंडक्यांचे एक घर होते, पण तिथे शस्त्रवैद्य जखमींचे हातपाय कापत होते. ते रक्त त्याला बघवेना. तो पुन्हा पावसात झाडाखाली येऊन बसला आणि पहाटे त्याने हल्ल्याचा हुकूम दिला. ती लढाई जिंकली. दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांवर सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

चरित्रनायकाचे डाग झाकणे योग्य नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरात, कापसाच्या चोरट्या व्यापारावर चिडून, त्याने आपल्या मुलखातून समस्त ज्यू लोकांना हाकलण्याचा हुकूम काढला. काही थोड्यांच्या अपराधासाठी एका सबंध जमातीला शिक्षा देणारा हा हुकूम लिंकनने थोड्याच दिवसांत रद्द करविला. ग्रँटला पुढे त्याची लाज वाटत राहिली.

१८६३ साली मिसिसिपीवरील व्हिक्सबर्ग घेताना रसदीचा जुना कारभारी कामास आला. नदी ओलांडून तो शत्रूच्या मुलखात शिरला, पुष्कळशी शिधासामग्री तिथल्याच शेतांतून मिळवली आणि सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर ४ जुलै रोजी, राष्ट्राच्या स्वातंत्र्यदिनी, एकोणतीस हजारांवर सैन्य शरण आणले. मार्च १८६४ मध्ये लेफ्टनंट जनरलचे पद स्वीकारायला तो वॉशिंग्टनला आला, तेव्हा धुळीने माखलेला प्रवासी पाहून हॉटेलच्या कारकुनाने माळ्यावरची खोली देऊ केली. वहीत ‘यू. एस. ग्रँट आणि मुलगा, गलीना’ ही अक्षरे वाचल्यावर त्याची जी तारांबळ उडाली, ती वाचकांनीच कल्पावी.

मे महिन्यात व्हर्जिनियाच्या ‘विल्डरनेस’ रानात त्याची गाठ रॉबर्ट लीशी पडली. दोन दिवसांत सतरा हजारांवर माणसे कामी आली वा जखमी झाली. ह्यापूर्वीचे सेनापती असा मार खाल्ला की उत्तरेला परतत. ७ मेच्या रात्री सैन्य निघाले. चौफुलीवर ग्रँटचा घोडा दक्षिणेकडे वळला आणि थकलेल्या शिपायांनी जयघोष केला. वीस वर्षांपूर्वी ओढ्यात घोडा घालणारा तोच हा माणूस! पण मागे न फिरण्याची किंमत भयंकर होती. दीड महिन्याच्या आत त्याच्या सैन्याची हानी पन्नास हजारांवर गेली. लोक त्याला ‘खाटीक’ म्हणू लागले. कोल्ड हार्बरच्या शेवटच्या हल्ल्याचा पश्चात्ताप त्याने स्वतः लिहून ठेवला.

९ एप्रिल १८६५. ॲपोमॅटॉक्सच्या एका घरात ली आला तो नव्या कोऱ्या गणवेशात, कमरेला सुंदर तलवार लावून. ग्रँट आला साध्या शिपायाच्या डगल्यात, बुटांना चिखल लागलेला. खांद्यावरच्या पट्ट्या तेवढ्या सेनापतीच्या. लीने सांगितले, की आमच्या सैन्यात स्वारांचे आणि तोफखान्याच्या माणसांचे घोडे त्यांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत. ग्रँट क्षणभर थांबला. ह्यातले बहुतेक लहान शेतकरी असणार. वसंतातली नांगरट घोड्यांवाचून झाली नाही, तर पुढचा हिवाळा ह्यांच्या बायकापोरांनी काढायचा कसा? ज्याचा त्याचा घोडा, ज्याचे त्याचे खेचर घरी नेऊ द्या, असे त्याने सांगितले. लीच्या उपाशी सैन्याला पंचवीस हजार माणसांचा शिधा दिला. तोफांची सलामी सुरू झाली, ती थांबवली. शत्रूचे कार्य अत्यंत वाईट होते, पण त्याचा पाडाव पाहून आपल्याला आनंद झाला नाही, असे त्याने लिहिले आहे. नांगराच्या घोड्याचे मोल जाणायला हार्डस्क्रॅबलवर शेत कसून हरावे लागते!

*

४ मार्च १८६९ रोजी ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या कारकिर्दीत काळ्या नागरिकांच्या मतदानाच्या हक्काला संविधानाचे संरक्षण मिळाले, तशीच त्याच्या विश्वासातल्या माणसांची लाचखोरीही उघडी पडली. निवृत्तीनंतर जगप्रवासात, फेब्रुवारी १८७९ मध्ये, तो आपल्या मुंबईतही पाहुणा म्हणून उतरला होता. १८८४ साली एका भागीदाराने त्याला पुरता बुडवले. शिंगराची गोष्टच पुन्हा घडली, फक्त आकडे मोठे होते.

त्याच वर्षी घशाला कर्करोग झाला. पत्नीच्या मागे काही राहावे म्हणून, पाण्याचा घोटही उतरत नसताना, त्याने आत्मचरित्र लिहायला घेतले. लेखणी मागे फिरली नाही. २३ जुलै १८८५ रोजी त्याने देह ठेवला, तेव्हा लिखाण संपून थोडेच दिवस झाले होते. त्या पुस्तकाचे ज्युलियाला चार लाख डॉलरांहून अधिक मिळाले. नाताळच्या तोंडावर बावीस डॉलरांसाठी घड्याळ ठेवून आलेल्या नवऱ्याची ती शेवटची कमाई. आणि त्या पुस्तकात, अगदी आरंभीच, शिंगराच्या पंचवीस डॉलरांची फजिती त्याने काही न लपवता सांगून टाकली आहे.